बाबांना चित्रांचं पत्र पाठवायचंय? असं करा

आधी चित्र काढा, मजकूर नंतर, नाहीतर शेवटी कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा उरते. विषय साधाच घ्या, होस्टेलची खोली, मेसचं ताट, खिडकीत वाळत घातलेली चादर, बाबांना तुम्ही कसे राहता तेच बघायचं असतं. चित्रकार व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून भावाला, थिओला, आपल्या बेडरूमचं स्केच असंच पत्रातून पाठवलं आणि रंग शब्दांत सांगितले, भिंती फिकट जांभळ्या, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा. किती सुंदर आहे हे! अंतर्देशीय पत्रावर तेच करा, कागद पातळ असतो, वॉटरकलर लावला की सुरकुततो, बॉलपेनच बरं. रंग हवेच असतील तर जाड ड्रॉइंग पेपर, वॉटरप्रूफ शाईच्या रेघा, त्या नीट वाळल्या की मग रंग, आणि पाकीट. पोस्टात टाकायच्या आधी फोटो काढून ठेवाच.