उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत: बायबलचा अभ्यास, आणि मधे जिथे पाय रुततो ती जागा

दर ३१ डिसेंबरला रात्रीच्या उपासनेत कोणीतरी वर्षभराचा तक्ता वाटतं. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, की वर्षात बायबल पूर्ण. हिशेब बरोबर आहे: ६६ पुस्तकांचे अध्याय ११८९, आणि आठवड्याला २३ धरले तर ५२ आठवड्यांत ११९६ होतात. पण याच हिशेबाने २६ जानेवारीच्या सुमारास दुसरं पुस्तक निर्गम संपतं आणि बलिदानांच्या नियमांचं लेवीय सुरू होतं. झेंडावंदन करून आलेली माणसं होमार्पणाच्या चरबीपाशी येऊन थांबतात, आणि तक्ता बायबलच्या मागच्या पानांत घडी होऊन पडतो, तो पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

वाचून संपवणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. अभ्यास करायचा तर तीन वर्षं धरा. मी दोनदा अर्ध्यात सोडलं आणि तिसऱ्या खेपेला पार पडलं. त्यानंतर संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना आणि तरुण संघाला घेऊन किती फेऱ्या झाल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही. पुढे लिहिलंय ते त्यातून.

सामान थोडकंच. संदर्भवचनं दिलेलं एक पवित्र शास्त्र, दोनशे पानी वही, पेन्सिल. रंगीत हायलायटर नको. बायबलच्या पातळ कागदावर तो मागच्या पानावर उतरतो आणि मागचं वचनही पिवळं होतं. जमलं तर दुसरं एखादं मराठी भाषांतर शेजारी ठेवा. भाष्यग्रंथ मात्र कपाटात राहू द्या. आधी स्वतः वाचायचं, अडायचं, प्रश्न लिहायचा, भाष्य नंतर. भाष्य आधी वाचलेल्या माणसाला वचनात पुढे तेच दिसत राहतं जे भाष्यकाराला दिसलं.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. आधी मार्कचं शुभवर्तमान वाचा, १६ अध्याय, एका बैठकीत. ख्रिस्ती माणूस म्हणून वाचायला बसलोय तर ज्याच्यासाठी बसलो त्याचा चेहरा आधी डोळ्यांसमोर हवा.

मग गोष्टीचा कणा: उत्पत्ती, निर्गम, गणना, अनुवाद, यहोशवा, शास्ते, रूथ, दोन्ही शमुवेल, दोन्ही राजे, एज्रा, नहेम्या. (अनुवाद हे पाचव्या पुस्तकाचं नाव आहे. दर वर्षी एक तरी मुलगा विचारतो, 'बाई, हा कशाचा अनुवाद?' मोशे नियमशास्त्र पुन्हा एकदा सांगतो, म्हणून ते नाव.) वंशावळ्या पहिल्या फेरीत नजरेखालून घाला आणि पुढे चला.

लेवीय इब्री लोकांस पत्राबरोबर वाचा. लेवीय १६ मधला प्रायश्चित्ताचा दिवस वाचून झाला की लगेच इब्री ९ आणि १०, तिथे तोच विधी ख्रिस्ताच्या संदर्भात उलगडलेला आहे. एवढं केलं की लेवीयाचा बागुलबुवा उरत नाही.

स्तोत्रं रोज एक, सकाळी, बाकीच्या अभ्यासापासून वेगळी. दीडशे स्तोत्रं सलग वाचणं म्हणजे लाडवांचा डबा एका बसणीत संपवणं.

आता खरी अडचण.

सगळे लेवीयाला नावं ठेवतात, पण लेवीय २७ अध्यायांचं आहे, दातओठ खाऊन ते पार होतं. माणूस बुडतो तो यशयापासून मलाखीपर्यंत, संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांच्या, १७ पुस्तकांत. २५० अध्याय, म्हणजे बायबलचा पाचवा हिस्सा. पहिल्या खेपेला मी यशया १३ ते २३ मध्ये बुडाले. बाबेलविषयी, मवाबाविषयी, दिमिष्काविषयी, मिसराविषयी एकामागून एक देववाणी. कोण कोणावर का रागावलंय काही कळेना. दुसऱ्या खेपेला यिर्मयात. तिथे २१व्या अध्यायात सिद्कीया राजा आहे, २५व्यात यहोयाकीम, २७व्यात पुन्हा सिद्कीया, ३५ आणि ३६ मध्ये पुन्हा यहोयाकीम. यहोयाकीम तर सिद्कीयाच्या आधीचा राजा! मला वाटलं, माझ्या प्रतीची पानं बांधणाऱ्याकडून उलटसुलट झालीत. खरंच शेजारणीकडून दुसरी प्रत आणून ताडून पाहिली.

चूक बांधणाऱ्याची नव्हती. एक तर यिर्मयाचं पुस्तक काळाच्या क्रमाने लावलेलंच नाही. दुसरं, संदेष्ट्यांची पुस्तकंही त्या क्रमाने छापलेली नाहीत: आधी मोठी, मग लहान बारा. त्यामुळे वाचणारा नहेम्यापर्यंत येतो, बाबेलमधला बंदिवास संपलेला असतो, यरुशलेमचा कोट बांधून झालेला असतो, आणि मधली काव्याची पुस्तकं ओलांडून यशया उघडावं तर तो सुमारे तीनशे वर्षं मागे फेकला जातो. तिथे यरुशलेम अजून पडलेलंच नाही. हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. 'प्रार्थना करून वाचा, देव समज देईल' एवढंच सांगितलेलं असतं. प्रार्थना करावीच, पण हिज्कीया राजा आधी की योशीया राजा आधी हे प्रार्थनेने कळत नाही. त्यासाठी २ राजे उघडावं लागतं.

म्हणून माझा नियम: संदेष्टे वाचताना डाव्या हाताचं बोट २ राजे मध्ये. वहीच्या मधल्या दोन पानांवर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर चारच खुणा करा. इ.स.पू. ७२२, अश्शूराने राजधानी शोमरोन घेतलं, दोन राज्यांपैकी उत्तरेचं, इस्राएलाचं, राज्य संपलं; दक्षिणेचं यहूदा उरलं. इ.स.पू. ५८६, बाबेलने यरुशलेम आणि मंदिर जाळलं. इ.स.पू. ५३९, पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि परतीची वाट मोकळी झाली. इ.स.पू. ५२०, हाग्गय संदेष्टा बोलू लागला, मंदिराचं रखडलेलं काम पुन्हा सुरू झालं. एखाद्या पुस्तकात यापैकी एखादं साल वर्षभराने पुढेमागे दिसेल. तिकडे लक्ष देऊ नका.

मग संदेष्टे या रेघेवर बसवत वाचायचे. २ राजे १४ मध्ये दुसरा यराबाम येतो. तिथे थांबून आमोस, होशेय आणि योना वाचा (योनाचं नाव तर त्या अध्यायाच्या २५व्या वचनातच आहे). आहाज आणि हिज्कीया, अध्याय १६ ते २०: यशया आणि मीखा. योशीया, अध्याय २२ आणि २३: सफन्या, नहूम आणि यिर्मयाची सुरुवात. त्यानंतरच्या राजांच्या काळात हबक्कूक आणि उरलेला यिर्मया. तिकडे बाबेलात यहेज्केल आणि दानिएल. शहर पडल्यावर विलापगीत आणि ओबद्या. एज्राच्या पाचव्या अध्यायापाशी हाग्गय आणि जखऱ्या. नहेम्याच्या शेवटच्या अध्यायापाशी मलाखी, कारण दशमांशाची आणि परक्या बायकांची तीच भांडणं दोन्हीकडे आहेत. योएल कोणत्याच राजाचं नाव घेत नाही. त्याला कुठेही वाचा, त्यावरून वाद घालत बसू नका.

प्रत्येक अध्यायाआधी वहीत तीन गोष्टी लिहा: राजा कोण, बोलणं कोणाला उद्देशून, आणि बोलतंय कोण. दुसऱ्या प्रश्नात नावं फसवतात. इस्राएल म्हणजे कधी सगळी प्रजा, कधी फक्त उत्तरेचं राज्य. त्याच उत्तरेला होशेय एफ्राईम म्हणतो, आमोस योसेफ म्हणतो, मीखा शोमरोन म्हणतो. मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्यावर एका बाजूला उत्तरेची नावं लिहिली, दुसऱ्या बाजूला दक्षिणेची: यहूदा, सियोन, यरुशलेम. ती अजून माझ्या बायबलात खूण म्हणून आहे. तिसऱ्या प्रश्नात 'मी' फसवतो. एका वचनात 'मी' म्हणजे परमेश्वर, दोन वचनांनंतर 'मी' म्हणजे रडणारा यिर्मया. तो बदल होतो तिथे समासात पेन्सिलीने आडवी रेघ मारा.

या शिस्तीने काय फरक पडतो त्याचा दाखला माझ्याच फजितीचा आहे. यिर्मया २९:११ तुम्हाला पाठ असेल. परमेश्वराच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. दर ख्रिस्ती कॅलेंडरवर ते असतं, लग्नपत्रिकेवर असतं. दहावीच्या मुलांसाठीच्या प्रार्थनासभेत मी त्यावर वीस मिनिटं बोलले: परीक्षा चांगली जाईल, देवाने सगळं ठरवलेलं आहे. सभा संपल्यावर महिला मंडळातल्या एक वयस्क बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'अगं, दहावं वचन वाचलंस का?'

वाचलं नव्हतं. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. हे पत्र इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना हवं तेच सांगतो: दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया म्हणतो, दोन नाही, सत्तर. घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात बंदी आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण बाबेलच्याच मातीत जाणार होते. आशा आहे, खरी आहे, पण ती माझ्या दहावीच्या निकालाची नाही. मी त्या मुलांना यिर्मयाचं वचन सांगितलं, पण सूर हनन्याचा लावला होता. तेव्हापासून माझ्या वर्गात सुटं वचन चालत नाही. वचन पाठ म्हणायचं तर आधीची दहा आणि नंतरची दहा वाचून यायचं. कोणी कुरकुरलं तरी चालेल.

यहेज्केलात वाट चुकली तर थेट ३३:२१ उघडा. यरुशलेमहून निसटलेला माणूस येऊन सांगतो, 'नगर पडलं.' त्याच्या आधी मुख्यतः तंबी, त्याच्या नंतर मुख्यतः धीर. ही खूण मिळाली की ४८ अध्यायांचं पुस्तक दोन भागांत उघडतं.

मग 'यात ख्रिस्त कुठे?' हा प्रश्न. ख्रिस्ती अभ्यासात तो यायलाच हवा. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने स्वतःविषयीचं शास्त्रातलं सांगायला मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात केली (लूक २४:२७). पण हा प्रश्न दुसरा विचारायचा, पहिला नाही. पहिला विचारला की निवासमंडपाच्या, म्हणजे अरण्यातल्या उपासनेच्या तंबूच्या, प्रत्येक मेखेत आणि पडद्याच्या प्रत्येक कडीत ख्रिस्त शोधण्याचा खेळ सुरू होतो. तो ऐकायला गोड असतो, पण त्यातून मेखाही कळत नाहीत आणि ख्रिस्तही कळत नाही.

मत्तय २:१५ घ्या. बाळ येशूला घेऊन योसेफ मिसरात जातो, आणि मत्तय होशेय ११:१ चा दाखला देतो: माझ्या मुलाला मी मिसरातून बोलावलं. आता होशेय उघडा. तिथे भविष्य नाहीच, मागची आठवण आहे. इस्राएल लहान होता तेव्हा मी त्याला मिसरातून आणलं, आणि पुढच्याच वचनात: मी हाका मारत राहिलो, ते दूर जात राहिले. हे न वाचता मत्तय वाचला तर 'भाकीत खरं झालं' म्हणून टाळी वाजते आणि विषय संपतो. होशेय आधी वाचला तर मत्तय काय करतोय ते दिसतं. तो म्हणतोय, हा तोच मुलगा आहे, तीच वाट पुन्हा चालतोय, पण हा दूर जाणार नाही. दोन अध्यायांनंतर येशू अरण्यात आहे. इस्राएलाची चाळीस वर्षं, त्याचे चाळीस दिवस. सैतानाला तो तीन उत्तरं देतो, आणि तिन्ही अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली, म्हणजे इस्राएल ज्या अरण्यात चुकला त्याच अरण्याबद्दलची. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि कोणाला सांगावं कळेना, म्हणून वहीतच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

संदेष्टे पार झाले की पुढचं सोपं. चारही शुभवर्तमानं एकामागून एक नको; प्रत्येकाच्या मधे एखादं पत्र घ्या. पत्रं हप्त्याहप्त्याने वाचू नका. पत्र आलं की आपण पहिलं पान आज आणि दुसरं पुढच्या रविवारी वाचतो का? फिलेमोनाला पत्र २५ वचनांचं आहे, चहा निवायच्या आत होतं. प्रेषितांची कृत्ये वाचताना पौल ज्या गावात पोचतो त्या गावचं पत्र तिथेच काढा: १६व्या अध्यायात फिलिप्पै, १७व्यात थेस्सलनीका, १८व्यात करिंथ, १९व्यात इफिस.

प्रकटीकरण सर्वांत शेवटी, आणि दानिएल, यहेज्केल, जखऱ्या झाल्याशिवाय अजिबात नाही. त्यातले पशू, गुंडाळ्या, घोडे, मापनाची काठी हे सगळं तुम्हाला तिथे आधी भेटलेलं असेल. ज्यांना भेटलेलं नसतं ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून पशूचा आकडा ६६६ म्हणजे कोणत्या देशाचा नेता ते ठरवतात. अशा माणसाला मी एकच विचारते, आशियातल्या सात मंडळ्यांची नावं सांगा. ती नावं प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात आहेत, आणि पुस्तक आधी त्या मंडळ्यांना लिहिलेलं आहे.

२२वा अध्याय संपला की बायबल मिटू नका. त्याच बैठकीत उत्पत्ती २ आणि ३ पुन्हा काढा. नदी तीच आहे, झाड तेच आहे. तिथे वाटेवर पहारा देणारे करूब, म्हणजे स्वर्गदूत, उभे होते, इथे वेशी दिवसभर उघड्या आहेत. वहीत तारीख टाका.