काडीवरचे काळे ठिपके: मायक्रोस्कोपखाली बुरशी ओळखायची कशी

पावसाळ्यात जंगलातली कुठलीही कुजकी काडी उचला, काळे ठिपके असतातच. मग लोक मोबाईलने फोटो काढून "ही कुठली बुरशी?" विचारतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या काळ्या ठिपक्याचं नाव फोटोवरून कुणी सांगितलं तर त्यावर फार विश्वास ठेवू नका, कारण बाहेरून सेम दिसणाऱ्या जाती ढिगाने आहेत. खरी ओळख आत असते, स्पोअर्समधे (म्हणजे बीजाणूंमधे) आणि ते ज्या पिशवीत तयार होतात त्या अ‍ॅस्कसमधे.

काडी आणताना कागदी पाकिटात आणा, प्लॅस्टिकमधे दुसरीच बुरशी चढते. झाड कुठलं होतं ते जमलं तर तिथेच लिहा, नंतर हमखास विसरतं.

आधी १०एक्स भिंगाने बघा. ठिपका गोल आणि टोकाला बारीक भोक, की वर उघडी चकती, की लांबट आणि मधोमध चीर? इथेच निम्मी गर्दी कमी होते. चीर असलेला, बऱ्यापैकी मोठा, कडेला आडव्या खाचा असलेला काळा ठोकळा दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून थोडा वेळ थांबा. चीर हळूहळू उघडून आत लालसर-केशरी रंग दिसला तर रिटिडहिस्टेरॉन रुफुलम ही बुरशी असण्याची शक्यता चांगली, आपल्याकडच्या वाळक्या फांद्यांवर हा मिळतो.

आता स्लाइड. नव्या ब्लेडने ठिपक्याचा वरचा भाग अलगद उडवायचा, आतला मऊ गर सुईच्या टोकावर घ्यायचा, पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप टाकायची आणि पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलकं दाबायचं. साधं पाणीच बरं का! कॉलेजात सवय असते की बुरशी म्हटलं की लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा निळा रंग टाकायचा, पण त्याने पेशी मरतात, आकसतात आणि आतले तेलाचे थेंब, खरा रंग, चिकट आवरण हे सगळं बिघडतं. छोट्या चकतीवाल्या बुरशींमधे तर जिवंतपणी दिसतं तेच महत्त्वाचं. निळा रंग सगळ्यात शेवटी.

पाण्यात बघून, फोटो काढून झाले की कव्हरस्लिपच्या एका कडेला आयोडीनचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिश्यूचा तुकडा, म्हणजे आयोडीन आपोआप आत ओढलं जातं. अ‍ॅस्कसच्या टोकाला निळी रिंग आली का बघा. आयोडीनची मेल्झर आणि ल्युगोल अशी दोन द्रावणं असतात; मेल्झर मिळत नसेल तर ल्युगोल घ्या, काही जातींची लाल रिअ‍ॅक्शन उलट ल्युगोलमधेच नीट दिसते.

अ‍ॅस्कसची भिंत एकपदरी की दुपदरी हेही बघायचं. दुपदरी असेल तर कधीकधी बाहेरचा पदर फाटून आतला लांब बाहेर येताना दिसतो, असं दिसलं की बराचसा गोंधळ मिटतो. वरचा रिटिडहिस्टेरॉन दुपदरीच, आत ८ स्पोअर्स, पिकल्यावर तपकिरी, प्रत्येकात ३ आडवे पडदे, साधारण २० ते ३५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब. कच्चे स्पोअर बिनरंगी असतात आणि पडदेही कमी, त्यामुळे अ‍ॅस्कसमधल्या कोवळ्या स्पोअर्सवरून नाव ठरवू नका. ओली काडी रात्रभर डबीत स्लाइडच्या अगदी जवळ ठेवली तर पिकलेले स्पोअर्स आपोआप काचेवर उडतात, मोजायचे ते हेच, निदान २० तरी. आणि आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) स्केल स्टेज मायक्रोमीटरवर (नेमकी मापं कोरलेली स्लाइड) प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (खालच्या भिंगासाठी) वेगळा कॅलिब्रेट केलेला हवा, नाहीतर आकड्यांना काही अर्थ नाही.

अ‍ॅस्कस सापडलाच नाही, नुसते सुटे स्पोअर्स? मग ती अलैंगिक अवस्था असू शकते. आणि ठिपका केशरी, जेलीसारखा असून आत इंग्रजी वायच्या आकाराच्या पेशी दिसल्या तर हा गटच वेगळा, डॅक्रिओपिनॅक्स वगैरे.

सालीवर तपकिरी-काळा खडबडीत थर असेल तर हायपोझायलॉन या बुरशीगटाची टेस्ट करून बघाच, मला स्वतःला ही सगळ्यात आवडते. वरचा कण १० टक्के केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात पांढऱ्या कागदावर ठेवा, साधारण मिनिटभरात केशरी, हिरवट किंवा जांभळा रंग सुटतो आणि कुठला सुटला त्यावर जात ठरवायला मोठी मदत होते. याच्याच नात्यातल्या डालडिनिया एशोल्टझीचा जांभळा येतो, शिवाय तो कापला की आत गोल पट्टे. त्याचे स्पोअर एकपेशी, तपकिरी, एका बाजूला फुगीर, आणि १००एक्स ऑइलखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली) फिरवत बसलात की त्यावर गव्हाच्या दाण्यासारखी सरळ चीर दिसते, अंकुर तिथूनच फुटतो. ती सगळ्या स्पोअर्सवर एकदम दिसणार नाही, ज्याची ती बाजू वर आलीय त्याच्यावरच. केओएच मात्र लेन्सला आणि हाताला लागू देऊ नका.

नाव जुळलं की इंडेक्स फंगोरम या बुरशींच्या नावांच्या वेबसाइटवर सध्याचं नाव काय चालतं ते बघा, जुन्या पुस्तकातली बरीच बदललीत. काहीच जुळत नसेल तर काडी नीट वाळवून तारीख, जागा आणि झाडासकट पाकिटात ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर मायकोलॉजिकल हर्बेरियम (वाळवलेल्या बुरशींच्या नमुन्यांचा संग्रह) आहे, तिथे विचारायला जाताना स्पोअर्सची मापं आणि पाण्यातले फोटो बरोबर असू द्या.