आयरिश ब्राउन ब्रेड खालून गिच्च राहतो?

वरून खरपूस, तळाला ओलसर. टिनमध्ये भाजलेल्या ब्राउन ब्रेडची ही नेहमीची रड.

१. २०० अंश सेल्सिअसला साधारण ४० मिनिटं भाजल्यावर ब्रेड टिनमधून काढा.
२. उलटा करून थेट ओव्हनच्या जाळीवर ठेवा, आणखी ५ ते १० मिनिटं भाजा.
३. बुडावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला की झाला. बद्द आला तर परत आत.

कवच मऊ हवं तर गरम असतानाच स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा. आयर्लंडमधल्या घरांतून हेच करतात. कापायचा मात्र गार झाल्यावरच, नाहीतर सुरीला चिकटतो.

एक जपा: यात यीस्ट नाही, सोडा आहे. ताक पडताच तो फसफसतो. म्हणून ओव्हन आधीच तापवा आणि पीठ कणकेसारखं मळत बसू नका.