फुकेतहून फांग न्गा बेची दिवसभराची बोट टूर: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

फुकेतला जाणाऱ्या आपल्या मंडळींचं साधारण ठरलेलं असतं, एक दिवस फी फी बेटं, एक दिवस जेम्स बाँड आयलंड, उरलेला वेळ शॉपिंग आणि मसाज. त्यातला जेम्स बाँडवाला दिवस म्हणजे फांग न्गा बे. मी तिथे दोनदा गेलेय, पहिल्यांदा पूर्ण फसले, दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा मस्त झालं, आणि दोन्हीत फरक पैशांचा नव्हता, पाण्याचा होता. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी जागा समजून घ्या. फुकेत बेट आणि थायलंडची मुख्य जमीन यांच्यामध्ये ही उथळ खाडी आहे आणि तिच्यात चुनखडीचे उभे सुळके जिकडेतिकडे उगवलेत, काही अगदी भिंतीसारखे सरळ. १९८१ पासून हे नॅशनल पार्क आहे. पाणी हिरवं आणि गढूळ असतं, कारण नद्या खारफुटीतून गाळ घेऊन येतात. त्यामुळे निळंशार पाणी, तळाचे मासे, स्नॉर्केलिंग हे डोक्यात असेल तर ही टूर तुमच्यासाठी नाही, त्यासाठी बाहेरची बेटं. इथे यायचं ते गुहांसाठी.

आता गुहांचं. यातली काही बेटं आतून पोकळ आहेत. बाहेरून नुसता डोंगर दिसतो, पण पाण्याच्या पातळीला एक बोगदा असतो, त्यातून कनूने आत गेलं की मध्ये वरून उघडं तळं, चारी बाजूंनी शंभरेक फुटांच्या भिंती, वर आभाळाचा तुकडा. थाई लोक याला ‘हाँग’ म्हणतात, म्हणजे खोली. पनाक आणि हाँग ही दोन बेटं यासाठी प्रसिद्ध. गोची अशी की बोगद्यात भरतीला पाणी छतापर्यंत चढतं आणि पूर्ण ओहोटीला नुसता चिखल आणि दगड उरतात. शिरता येतं ते मधल्या वेळात.

पहिल्या वेळी मी रस्त्यावरच्या एका स्टॉलवर घासाघीस करून स्वस्तातली स्पीडबोट घेतली होती. गुहेपाशी पोचलो तर भरती टिच्चून भरलेली, गाइडने बोगद्याच्या तोंडाशी दोन मिनिटं कनू फिरवली, फोटो काढले, फिनिश. मी माहेरची रेवदंड्याची, लहानपणापासून भरती-ओहोटी बघत आले आणि तिकडे जाऊन अक्कल गहाण ठेवली, काय बोलणार.

तर करायचं असं. तारखा ठरल्या की घरातलं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस. चंद्र सगळीकडे एकच, त्यामुळे हे तिकडेही लागू. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे गुहेत शिरायला मिळणारा वेळ छोटा, भांगाला पाणी मध्येच रेंगाळतं त्यामुळे जरा आरामात होतं. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं आपलं कोकणातलं गणित मात्र तिकडे चालवू नका, ते आपल्या किनाऱ्यापुरतं. वेळेसाठी फुकेतचं टाइड टेबल नेटवर बघा. आणि बुकिंगच्या आधी टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा, अमुक तारखेला आपण कुठल्या गुहेत किती वाजता शिरणार? चांगला माणूस लगेच सांगतो, कारण ते लोक रोज पाण्याप्रमाणे बेटांचा क्रम बदलतात. ‘नो प्रॉब्लेम, ऑल केव्ह, ऑल टाइम’ असं उत्तर आलं की तिथून निघा.

बोटी तीन प्रकारच्या. लाँगटेल म्हणजे लाकडी होडी, मागे गाडीचं इंजिन आणि त्याला लांबलचक दांडा, टोकाला पंखा. दिसायला भारी पण कान बसतात, आणि पाणी अंगावर उडतं. ही मुख्यतः फांग न्गा गावाच्या बाजूने मिळते, फुकेतहून गाडीने तिथवर जावं लागतं. स्पीडबोट पटकन नेते, एका दिवसात जास्त जागा होतात, पण पुढच्या सीटवर बसलात तर प्रत्येक लाटेला पाठीचा मणका मोजून घ्या. गरोदर बायकांना आणि पाठदुखीवाल्यांना बहुतेक जण घेतच नाहीत, आणि बरोबर आहे. तिसरी मोठी बोट, दुमजली, हळू चालणारी, सावली, टॉयलेट, जेवण बोटीवरच, आणि रबरी कनू मागे रचलेल्या. गेटवे ते मांडवा लाँचने गेला असाल तर अंदाज येईल. सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर डोळे मिटून मोठी बोट. जागा दोन कमी होतील, होऊ देत.

सीझन. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं आणि गर्दीचं. पण मे ते ऑक्टोबर पावसाळ्यातसुद्धा ही टूर बहुतेक दिवस चालू असते, कारण वारा नैऋत्येचा आणि मध्ये फुकेत बेट आडवं उभं, त्यामुळे खाडी शांत राहते. बाहेरच्या समुद्राचं तसं नाही. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळच्या उघड्या समुद्रात पर्यटकांची बोट वादळात बुडून ४७ जण गेले. म्हणून पावसाळ्यात गेलात तर फी फीचा हट्ट सोडा आणि हीच टूर करा, आणि लाइफ जॅकेट उकडतं म्हणून काढून मांडीवर घेऊन बसू नका, आपल्या लोकांची ती खास सवय आहे.

बुकिंग करताना किमतीत नॅशनल पार्कची फी धरलीय का ते विचारा, परदेशी मोठ्या माणसाला ३०० बाट असते आणि बरेच जण ती नंतर जेट्टीवर मागतात. हॉटेलवरून पिकअप, जेवण, कनू यांचंही आधी स्पष्ट करा. पातोंगला राहत असाल तर व्हॅन लवकर येते आणि पूर्वेकडच्या आओ पोर जेट्टीला जायला सहज पाऊण-एक तास जातो. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ही टूर ठेवलीत तर साडेसातचा पिकअप म्हणजे शरीराला सकाळचे सहा, तेवढं लक्षात ठेवा.

जेवणाचं बोलायलाच हवं. थाई जेवणात नुसती भाजी मागितली तरी फिश सॉस पडतोच, ते त्यांच्याकडे मिठासारखं आहे. बुकिंगलाच व्हेज सांगा आणि ‘जे’ हा शब्द वापरा, त्यात मांस-मासे-अंडं काही नाही आणि कांदा-लसूणही नाही, जैन मंडळींना सोयीचं. बोटीवर ‘माय साय नाम प्ला’ म्हणा, म्हणजे फिश सॉस घालू नका. तरीही पिशवीत थोडे मेथीचे ठेपले आणि चिवडा असू द्या, फक्त प्लास्टिकच्या पिशव्या-स्ट्रॉ नेऊ नका, पार्कात सिंगल यूज प्लास्टिकला बंदी आहे.

बाकी सामान: मागून पट्टा असलेले सँडल (स्लिपर चिखलात राहते), दोरीवाली टोपी, फोनला वॉटरप्रूफ पाउच, बदलायला एक जोड, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, फोटो फोनमध्ये.

आता गुहेच्या आतलं. कनू गाइड चालवतो, आपण दोघं-तिघं पुढे बसायचं. बोगदा बुटका आला की तो ‘लाय डाऊन’ म्हणतो, तेव्हा खरंच पूर्ण आडवं व्हायचं, नाक छतापासून वीतभर. हात बाहेर काढायचा नाही, भिंतींना कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. वटवाघळांचा उग्र वास येतो, टॉर्च त्यांच्यावर मारायचा नाही. आई आडवी होऊन रामरक्षा पुटपुटत होती. मग एकदम उजेड आला, आत कोणी बोलत नव्हतं, नुसतं भिंतीवरून थेंब पडत होते. खारफुटीच्या मुळांपाशी चिखलात काहीतरी टुणकन उडालं. आई उठून बसली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली निवटी!” आणि गाइडला खुणेने विचारायला लागली, इथे याचं कालवण करता का म्हणून. बिचारा हसत बसला. गाइडला उतरताना शंभर बाट टिप द्या, दिवसभर वल्हं तोच मारतो.

जेम्स बाँड आयलंड म्हणाल तर १९७४ च्या बाँडपटात दिसल्यापासून हे नाव पडलं, मूळ नाव खाओ फिंग कान. समोरचा तो फोटोतला सुळका को तापू, तापू म्हणजे खिळा, उंची साधारण वीस मीटर आणि खाली बारीक, वर जाड. झिजून पडू नये म्हणून १९९८ पासून बोटींना जवळ जायला बंदी, फोटो किनाऱ्यावरूनच. दुपारी तिथे दादरच्या प्लॅटफॉर्मइतकी गर्दी असते आणि बाकी सगळं की-चेनची दुकानं. अर्धा तास पुरे.

को पन्यी मात्र घाईत उरकू नका. पाण्यात खांबांवर उभं असलेलं मुस्लिम कोळ्यांचं गाव, मोठी मशीद, घराघरापुढे सुकत घातलेली मासळी, आणि पोरांनी तराफ्यांवर बांधलेलं फुटबॉलचं मैदान, ती गोष्ट १९८६ च्या वर्ल्ड कपच्या वेळची. बोटीवर जेवण नसलेल्या बऱ्याच टुरा इथे दुपारी जेवायला थांबतात, तेव्हा पुढच्या हॉटेलांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तुम्ही जेवून मागच्या गल्ल्यांमध्ये जा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते तेव्हा जरा बाजूने चाला, आणि कोणाच्या दारात डोकावून फोटो काढू नका, ते घर आहे.

अमावास्येच्या आसपास गेलात तर दुपारी निघून रात्री परतणाऱ्या टूरचाही विचार करा. अंधारात पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात, सूक्ष्म जीव असतात ते, कोकणात काही वेळा किनाऱ्यावर लाटा चमकतात तसंच.

आणि परतीच्या व्हॅनमध्ये एसी फुल्ल असतो. कपडे जेट्टीवरच्या बाथरूममध्ये बदलून घ्या. आम्ही रांग मोठी म्हणून नाही बदलले आणि आई दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस शिंकत होती, फी फी राहिलं ते राहिलंच.