कोल्हापुरात चाकू-सुऱ्यांचा संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

चाकू, सुऱ्या, अडकित्ते, कट्यारी अशा पात्याच्या वस्तू जमवणाऱ्यांच्या मंडळात जो नव्याने येतो, त्याला पहिला प्रश्न पडतो तो काय विकत घ्यावे हा. पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. या काळात जुन्या संग्राहकांच्या घरी जाऊन वस्तू पाहाव्यात, त्यांच्या परवानगीने हाताळाव्यात आणि भरपूर विचारावे. त्यानंतर जी वस्तू कोणी, कशापासून आणि कोणत्या कामासाठी घडवली हे आपल्याला दुसऱ्याला समजावून सांगता येईल, तेवढीच घरी आणावी. या एका कसोटीला धरून राहिल्यास संग्रह लहान राहील, पण त्यातील प्रत्येक वस्तूला काही अर्थ असेल.

कोल्हापूरकरांना या छंदात मोठी सोय आहे, कारण इथे पाते अजून रोजच्या कामात आहे. हंगाम सुरू झाला की उसाच्या फडात कोयता चालतो, चपला घडवणाऱ्यांच्या हातात कातडे कापायची रापी असते, अनेक घरांत विळीवर भाजी चिरली जाते आणि पानाच्या तबकात अडकित्ता असतो. नवागत बहुधा तलवारी आणि कट्यारींच्या ओढीने येतो. शिवाजी पेठेसारख्या भागात मर्दानी खेळ पाहत वाढलेल्या मुलाला ती ओढ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही सुरुवात कामाच्या पात्यांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ही पाती स्वस्त असतात, ती घडवणारे लोहार आणि वापरणारे कारागीर आज भेटू शकतात, आणि धार, पोलाद, पाणी (म्हणजे तापलेले पाते बुडवून कठीण करणे), मूठ यांविषयी जे काही शिकायचे ते सगळे त्यांच्यावर शिकता येते.

कायदा आधी समजून घ्यावा

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ हे दोन्ही प्रत्येक संग्राहकाला माहीत असले पाहिजेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, कुकरी यांची नावे आहेत. तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांचा त्यात उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळलेली आहेत. कोयता किंवा विळी घरात असणे आणि तलवार घरात असणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो तो इथे. घरात वडिलोपार्जित तलवार किंवा कट्यार असेल, तर तिच्याविषयी आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर लेखी स्वरूपात जपून ठेवावे.

घरात ठेवणे आणि बरोबर घेऊन फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पक्के ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि असा आदेश लागू असताना तलवारी, भाले, चाकूच काय, काठ्या बाळगण्यावरही बंदी असते. सणासुदीच्या, निवडणुकीच्या आणि आंदोलनांच्या काळात असे आदेश निघतात व वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या दिवसांत संग्रहातील कोणतीही वस्तू घराबाहेर काढू नये. एरवीही ती मुठीपासून टोकापर्यंत कापडात गुंडाळून, बंद पेटीत आणि पेटी कुलूपबंद पिशवीत ठेवूनच न्यावी, व खरेदीची पावती जवळ बाळगावी. कमरेला किंवा खिशात लावून हिंडणे हा या छंदाचा भाग नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापल्याबद्दल आणि कोयता हातात घेऊन चित्रफिती टाकल्याबद्दल महाराष्ट्रात अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले आहेत. आमच्या मंडळींत असली छायाचित्रे मुळीच खपवून घेतली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाते सपाट कापडावर ठेवून, शेजारी मोजपट्टी लावून काढलेले छायाचित्र पुरेसे असते. १८ वर्षांखालील मुलांना आमच्या मंडळाच्या बैठकांत पालकांबरोबरच यावे लागते.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ लागू होतो. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आड येतो. अशी वस्तू कोणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी ती हातात धरू नये.

पाहायला कुठे जावे

नवा राजवाडा हे शहरातले पहिले ठिकाण. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या वास्तूतील संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. तिथे घाईने फिरू नये. एकाच कट्यारीसमोर थांबून तिची आडवी मूठ, दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या आणि टोकाशी जाड झालेले पाते नीट न्याहाळावे. टोकाशी दिलेली ती जाडी चिलखत भेदताना पाते मोडू नये म्हणून असते, आणि बाजारातल्या बहुतेक नव्या नकलांमध्ये नेमकी तीच नसते. मर्दानी खेळाच्या आखाड्यांतील वस्ताद दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), बिचवा (लहान वाकडी कट्यार) यांची नावे, वजने आणि पकड जितक्या नेमकेपणाने सांगतात, तितके कोणतेही फलक सांगू शकणार नाहीत; त्यांच्याकडे नम्रपणे जावे. पुण्याला जाणे झाले, तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते अवश्य पाहावेत. एका घरगुती उपकरणावर कारागिरांनी किती कल्पकता खर्च केली आहे, हे तिथे कळते.

त्यानंतर लोहाराकडे जावे. कोल्हापूर ओतकामाचे शहर आहे, उद्यमनगर आणि शिरोलीच्या वसाहतींत हवे ते ओतून मिळते, म्हणून नवागताला वाटते की पातेही तिथे ओतून घेता येईल. ते शक्य नाही. ओतीव लोखंडात कार्बन २ टक्क्यांहून अधिक असतो. ते ठिसूळ असते आणि ऐरणीवर ठोकता येत नाही. पात्याला साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असलेले पोलाद लागते, आणि आपल्याकडचे लोहार ते बहुधा ट्रक-जीपच्या जुन्या कमानपाट्यांतून मिळवतात. भट्टीजवळ उभे राहून “मामा, हे कशाचं पातं?” एवढे विचारले आणि कामाच्या आड आलो नाही, तर लोहारमामा पोलादाचा रंग कधी पाहायचा, पाणी कधी द्यायचे आणि पाणी जास्त चढले की पाते का तडकते, हे सगळे दाखवून सांगतात.

पहिली खरेदी

पहिली वस्तू म्हणून मी अडकित्ता सुचवेन. तो घेताना सोबत लहान लोहचुंबक न्यावे. पितळी अडकित्त्यात पाते वेगळ्या पोलादाचे बसवलेले असते, त्यामुळे चुंबक दांड्यांना चिकटत नाही आणि पात्याला चिकटते. पात्यालाही चिकटले नाही, तर ती केवळ शोभेची वस्तू आहे आणि तिने कधी सुपारी कातरलेली नाही. मग अडकित्ता उघडून खिळ्याजवळची जागा उजेडात धरावी. वर्षानुवर्षे वापरलेल्या अडकित्त्यात दोन दांड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे गुळगुळीत, किंचित खोलगट चकाकी येते, बोटे टेकण्याच्या जागी नक्षीतील पोपटाची चोच किंवा घोड्याचा कान झिजलेला असतो, आणि आतल्या सांध्यांत काळसर मळ घट्ट बसलेला असतो. आम्ल लावून जुना केलेला अडकित्ता सगळीकडे सारखाच काळवंडलेला दिसतो, आणि हाताचा स्पर्श जिथे होतच नाही तिथेही त्याची नक्षी बोथट असते.

रापी मिळाली तर अवश्य घ्यावी, पण नवी नव्हे. कोल्हापुरी चपलेचे कातडे हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले, जाड व कडक असते, त्यामुळे रापीला दिवसातून अनेकदा दगडावर धार लावावी लागते आणि वर्षानुवर्षांत ती आखूड होत जाते. निम्म्याने आखूड झालेली रापी कारागिराने स्वतःहून दिली, तर तिच्याबरोबर त्याचे काम, गल्ली आणि ती त्याच्याकडे कशी आली हेही लिहून घ्यावे. वापरातली रापी मात्र मागू नये. ती त्याची रोजी आहे.

कारखान्यात बनलेले घडीचे चाकू आवडत असतील, तर त्यांचाही इतिहास जाणून घ्यावा. कार्ल एल्झनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमधील इबाख येथे सुरू केलेल्या कार्यशाळेतून व्हिक्टोरिनॉक्स उभी राहिली, तर फ्रान्सच्या साव्होआ प्रांतात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल यांनी केलेल्या लाकडी मुठीच्या चाकूला, उघडलेले पाते आपोआप मिटू न देणारे फिरते कडे १९५५ मध्ये बसवले गेले. ही दोन्ही नावे नवागताच्या आवाक्यातली आहेत. कळ दाबताच पाते बाहेर उसळणारे चाकू मात्र घेऊ नयेत.

‘दमास्कस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पात्यांविषयी विशेष सावध राहावे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे जुने पोलाद आणि आज वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेले नक्षीदार पाते या दोन भिन्न गोष्टी आहेत; दुसरेही सुंदर असते, पण ते पहिले म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्याहून वाईट म्हणजे साध्या पात्यावर नुसती नक्षी छापलेली असते. पात्याच्या पाठीकडे पाहावे. थर खरे असतील तर रेषा बाजूवरून वळून पाठीवर आलेल्या दिसतात. छापलेली नक्षी कडेशी येऊन तुटते.

बैठकीतील वागणे

दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नये. देताना पाते मिटून किंवा म्यानात घालून द्यावे. उघडेच द्यायचे असेल तर मूठ घेणाऱ्याकडे आणि धार दोघांच्याही हातांपासून दूर ठेवावी, आणि घेणारा “हं, घेतला” असे म्हणेपर्यंत सोडू नये. पात्याला बोटे लावू नयेत, कारण घामातील क्षाराने साध्या पोलादावर दुसऱ्या दिवशी बोटाचा तांबूस ठसा उमटतो. अंगठा फिरवून धार पाहणे, हवेत वार करणे, चाकू झटक्याने उघडणे-मिटणे हे सर्व टाळावे. आल्या आल्या कोणाच्याही वस्तूची किंमत विचारू नये, आणि कोणाच्या घरी काय आहे हे बाहेर कधीही बोलू नये. चोरीची भीती खरी असते.

आपल्याकडील वस्तू ओळखून हवी असेल, तर ती आधी स्वच्छ करू नये. ब्रासो किंवा काथ्याने घासून चकचकीत केलेल्या जुन्या पात्यावरील खुणा, शिक्के आणि काळाने चढलेला रंग कायमचा जातो, आणि मग जाणकारालाही काही सांगता येत नाही. दोन्ही बाजू, पाठ, मूठ आणि शिक्का असल्यास त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, सोबत मोजपट्टी, इतके दिले म्हणजे पुरे.

जपणूक

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की या चार महिन्यांत दर पंधरवड्याला प्रत्येक पाते पाहावे लागते. पाते कोरडे पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, म्हणून ते वापरू नये. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. म्यान वेगळे आणि पाते कोरड्या सुती कापडात वेगळे ठेवावे. खंडेनवमीला पात्यांची पूजा जरूर करावी, पण हळद-कुंकू आणि ओली झेंडूची फुले रात्रभर पात्यावर राहू देऊ नयेत. आरती झाल्यावर कागदाची पट्टी ठेवून त्यावर फुले वाहावीत आणि संध्याकाळी पाते पुसून तेल लावून ठेवावे.

जुन्या, संग्रहणीय पात्याला धार लावू नये; धार शिकायची ती घरातल्या सुरीवर. सुमारे १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगड पाण्यात भिजवून, पाते दगडाशी १५ ते २० अंशांत धरून एकाच बाजूने सावकाश घासावे. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने, पाठीकडून धारेकडे बोटाची कड अलगद ओढली असता धारेच्या टोकाला अगदी बारीक खरखर लागते, आधी मुठीजवळ आणि मग टोकापर्यंत. ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदलावी, आणि शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने घासून ती खरखर काढून टाकावी.

पहिल्याच दिवसापासून नोंदवही ठेवावी. तीत पात्याची लांबी, रुंदी आणि पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये, वजन, साहित्य, घडवणारा, कोणाकडून व केव्हा मिळाली, किंमत आणि सध्याची अवस्था लिहावी, आणि पावती तिथेच चिकटवावी. क्रमांक पात्यावर कधीही लिहू नये. मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. पुढे एखादी वस्तू दुसऱ्या संग्राहकाला दिली, तर नोंदीची व पावतीची प्रत तिच्याबरोबर द्यावी, घेणाऱ्याचे वय आणि ओळख तपासावी, आणि ती कोणाला दिली हे त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवावे.