वाळूला विरजण लावण्याआधी: रीफ टँकच्या तळाशी होणाऱ्या या चुका टाळा

गोव्यात प्रवाळांची टाकी, म्हणजे रीफ टँक, मांडायला घेतली की पहिला सल्ला बहुधा शेजारून येतो: वाळूवर पैसे कशाला घालवता, मोरजीला जा आणि दोन पिशव्या भरून आणा. सल्ला सद्भावनेचा असतो आणि ऐकायलाही पटतो, कारण खाऱ्या पाण्याच्या टाकीला समुद्राची वाळू चालणार नाही तर दुसरी कोणती चालणार? परंतु आपल्या किनाऱ्यावरची वाळू ही मुख्यतः जमिनीवरचे खडक झिजून नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली वाळू आहे, तर प्रवाळांच्या सान्निध्यातली वाळू प्रवाळ, शिंपले आणि चुना साठवणारी शैवाले यांच्या सांगाड्यांचा चुरा असते. या एका गैरसमजातून पुढच्या बऱ्याच चुका निघतात, आणि टाकीत पाणी भरल्यानंतर त्यांतली एकही सहज दुरुस्त होत नाही.

दारातला समुद्र आणि टाकीतली वाळू

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत बहुतांश गारगोटीचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात, त्यांत शंखशिंपल्यांचा काही चुरा मिसळलेला असतो, आणि ओहोटीनंतर वाळूवर जे काळे पट्टे उमटतात ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट यांसारख्या जड खनिजांचे असतात. सिलिकाच्या वाळूमुळे टाकीत तपकिरी शेवाळ माजते असे सर्रास सांगितले जाते, पण त्यात अतिशयोक्ती आहे, कारण गारगोटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि त्या शेवाळाला लागणारे सिलिकेट बहुधा नळाच्या पाण्यातून येते. खरा धोका काळ्या कणांचा आहे. मॅग्नेटाइट लोहचुंबकाला चिकटते, आणि काच पुसण्याच्या चुंबकी ब्रशमध्ये असा एखादा कण अडकला की प्रत्येक फेऱ्याला काचेवर ओरखडा उठतो. फोंड्याच्या घरात पहिली टाकी मांडताना मी विकतच्या वाळूत किनाऱ्यावरची बादलीभर वाळू मिसळली होती, आणि तीन महिन्यांत समोरची काच अशी चरे पडून धुरकट झाली की आतले प्रवाळ नीट दिसेनासे झाले. ती बचत मला अजून सलते.

याशिवाय पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात, आणि त्यांचा तेलकट अंश वाळू कितीही धुतली तरी पुरता जात नाही. कायद्याचीही बाजू आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूचे उत्खनन निषिद्ध कामांत मोडते, आणि सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे ग्रांदे बेटाजवळून किंवा मालवणहून कोणी ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातले जीव वसलेला खडक) वा प्रवाळाचा चुरा आणून देतो म्हणाले, तर तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक त्याचे काम पुरेसे चांगले करतात.

विकत घ्यायची ती अ‍ॅरागोनाइटची वाळू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा एक स्फटिकरूप प्रकार. ती खरी आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. चिमूटभर वाळू काचेच्या पेल्यात घेऊन तिच्यावर अर्धी वाटी व्हिनेगर ओतावे. स्वयंपाकघरातला माडाचा व्हिनेगरही चालतो, फक्त पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तळ अधिक स्वच्छ दिसतो. इथे बहुतेक जण फेस आला की समाधान मानतात, आणि नेमकी तीच चूक आहे, कारण किनाऱ्यावरच्या वाळूतला शिंपल्यांचा चुराही फेस आणतो. पेला रात्रभर ठेवावा, सकाळी व्हिनेगर बदलून पुन्हा ठेवावा, आणि तळाशी काय उरते ते पाहावे. जवळजवळ काहीच उरले नाही तर वाळू कॅल्शियम कार्बोनेटची. चकाकणारे कण जसेच्या तसे राहिले तर ती गारगोटी.

अशी वाळू घातली की पाण्याचा पीएच आपोआप सांभाळला जातो, हीही एक भाबडी समजूत आहे. रीफ टँकच्या नेहमीच्या ८ ते ८.३ पीएचला अ‍ॅरागोनाइट विरघळत नाही. थराच्या खोल भागात पीएच उतरतो तिथे ते थोडेसे विरघळते, पण वाढत्या प्रवाळांची भूक त्यावर भागत नाही, म्हणून अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मोजणे आणि लागेल तशी वाढवणे चुकत नाही.

कण आणि जाडी

पिठासारखी बारीक वाळू दिसायला सुंदर असते, पण रीफ टँकमध्ये प्रवाळांसाठी पाण्याचा जो जोरदार प्रवाह ठेवावा लागतो त्यात ती उडते, एका कोपऱ्यात ढीग होते, दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पडते आणि प्रवाळांवर तिचा थर बसतो. याच्या उलट ३ ते ५ मिलिमीटरचा प्रवाळाचा भरड चुरा उडत नाही, परंतु त्याच्या फटींत माशांचे खाद्य आणि विष्ठा खोलवर उतरून कुजत राहते, आणि वाळूत राहणाऱ्या किड्यांना तो मानवत नाही. १ ते २ मिलिमीटरचा कण बहुतेकांना सोयीचा पडतो.

जाडीच्या बाबतीत दोनच मार्ग विचारात घ्यावेत. एक म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटरचा उथळ थर, जो सायफनने, म्हणजे नळीने घाण ओढून, साफ ठेवता येतो. दुसरा १० ते १५ सेंटिमीटरचा खोल थर, ज्याच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात. खोल थराला बारीक कण, वाळू सतत उकरणारे असंख्य छोटे जीव आणि वर्ष-दीड वर्षाचा संयम लागतो. अनेक जण ठरवता येत नाही म्हणून मधला, ७-८ सेंटिमीटरचा थर घालतात. तो सायफनने तळापर्यंत साफ करण्याइतका उथळ नसतो आणि नायट्रेट भरवशाने कमी करण्याइतका खोलही नसतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला दोन्हींची गैरसोय येते. पहिल्या टाकीला उथळ थरच घालावा, असे माझे ठाम मत आहे. जूनमध्ये पहिल्या वाऱ्यापावसात तासन्‌तास वीज जाते तेव्हा पंप थांबतात, पण वाळूतले जीव प्राणवायू वापरत राहतात. थर जितका खोल आणि जितका घाणीने भरलेला, तितके मासे लवकर पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप मे महिन्यातच घेऊन ठेवावा.

किती वाळू घ्यावी याचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागले की लिटर मिळतात, आणि कोरड्या अ‍ॅरागोनाइटचे एक लिटर साधारण दीड किलो भरते. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाच्या टाकीला ४ सेंटिमीटरच्या थरासाठी सुमारे २५ किलो वाळू पुरते.

मांडताना खडक आधी काचेच्या तळावर घट्ट बसवावेत आणि वाळू नंतर त्यांच्याभोवती ओतावी. वाळूवर ठेवलेला खडक खालची वाळू उकरणाऱ्या माशामुळे किंवा झिंग्यामुळे एखाद्या रात्री कलंडतो. कोरडी वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि शेवटचे पाणी आरओचे घ्यावे. पाण्यासकट पाकीटबंद आलेली जिवंत वाळू मात्र धुऊ नये.

विरजण कधी लावायचे

धुतलेली कोरडी वाळू निर्जीव असते. तिच्यात जिवाणू आणि पुढे किडे, कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड असे सूक्ष्म जीव वसवण्याला छंदिष्ट ‘सीडिंग’ म्हणतात. मला विरजण हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण सर्वांत मोठी चूक समजायला तोच उपयोगी पडतो: दूध कढत असताना विरजण घातले तर दही लागत नाही. टाकीची सायकल, म्हणजे विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची साखळी, चालू करण्यासाठी अमोनिया लागतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण हाच अमोनिया किडे आणि कोपेपॉड यांना मारतो. पहिल्याच दिवशी मित्राच्या जुन्या टाकीतली वाळू घालायची आणि दुसऱ्या दिवशी अमोनियाचे थेंब टाकायचे, म्हणजे जे जीव आणले तेच मारायचे.

म्हणून हे काम दोन टप्प्यांत करावे. आधी कोरडी वाळू, खडक आणि १.०२५ ते १.०२६ घनतेचे खारे पाणी यांत अमोनियम क्लोराइडने अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत आणावा आणि नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंची बाटली घालावी. बाटली घेताना लेबल वाचावे. गाळ खाणारे म्हणून विकले जाणारे बॅसिलस जिवाणू वेगळे, आणि ते अमोनियाची सायकल उभी करत नाहीत. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेली बाटली किंवा जिवंत वाळूचे पाकीट यांवरही विसंबू नये. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसला, की पहिला टप्पा झाला. याला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. अमोनिया पहिल्यांदा उतरला म्हणजे काम झाले असे समजून अनेक जण मासे सोडतात, पण त्या वेळी नायट्राइट चढलेला असतो, आणि तो चढलेला असताना नायट्रेटचे टेस्ट किटही फुगवलेला आकडा दाखवते.

यानंतर विरजण. वर्षभर नीट चाललेल्या टाकीतली एक-दोन किलो वाळू पुरते, आणि ती फक्त वरच्या दीड-दोन सेंटिमीटर भागातून घ्यावी. खोलातून खरवडलेली वाळू साठलेली घाण आणि कधी कधी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड घेऊन येते. वाळू रुंद डब्यात, तिच्यावर दोन-तीन सेंटिमीटरच पाणी ठेवून न्यावी, म्हणजे प्राणवायू टिकतो. म्हापशाहून फोंड्याला येईपर्यंत काठोकाठ भरून घट्ट झाकलेल्या डब्यात निम्मे जीव गुदमरू शकतात. आणल्यावर ती पातळ पसरू नये, चार-पाच ठिकाणी मूठमूठ ठेवावी, आणि त्या जिवांना खायला चिमूटभर खाद्य टाकावे, कारण मासे नसलेल्या टाकीत त्यांची उपासमार होते.

ज्या टाकीतून वाळू आणायची तिच्यातले मासे, काच आणि खडक आधी नीट पाहावेत. आयप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल आणि चपटे किडे वाळूबरोबर येतात, आणि माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे कोष वाळूला चिकटलेले असतात. म्हणून अशी वाळू घातल्यावर सुमारे ११ आठवडे टाकीत मासे न सोडणे हा सुरक्षित मार्ग आहे. तो काळ लांबलचक वाटतो, हे मी जाणतो, पण याच आठवड्यांत थर खऱ्या अर्थाने वसतो.

मांडवीच्या किंवा जुवारीच्या खाडीतला गाळ विरजण म्हणून वापरण्याची कल्पनाही अधूनमधून कानावर येते. ती सोडून द्यावी. पावसाळ्यात तिथल्या पाण्याची क्षारता खूप उतरते, तिथले जीव त्या चढउताराला सरावलेले असतात, आणि त्या गाळाबरोबर मैल्याचे जिवाणू आणि सल्फाइड घरात येते.

थर बिघडला असे वाटते तेव्हा

पाणी भरल्यावर दोन-तीन दिवस गढूळ राहिले तर काळजी नको. वाळूवर थाळी ठेवून तिच्यावर पाणी सोडले असते तर ते कमी गढूळले असते, इतकेच. काही आठवड्यांनी वाळूवर तपकिरी भुकटी बसते ती सूक्ष्म शैवालांची, म्हणजे डायअ‍ॅटमची, आणि ती बहुधा आपोआप ओसरते. लालसर-जांभळी, सालीसारखी निघणारी पटले सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंची. तिथे प्रवाह कमी पडतो आहे का आणि खाद्य जास्त होते आहे का ते पाहावे. तपकिरी, बुळबुळीत आणि बुडबुडे अडकलेले धागे दिसले, ते रात्री विरळ होऊन दिवसा पुन्हा पसरू लागले आणि गोगलगायी मरू लागल्या, तर ते डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी सूक्ष्म जीव असण्याची शक्यता मोठी. घाबरून पाणी बदलत राहिले आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेले तर ते उलट बळावतात, म्हणून तिथे हे दोन्ही किंचित मोजता येतील इतके राहू द्यावेत.

वाळू गठ्ठे होऊन दगडासारखी जमत असेल तर अल्कलिनिटी फार चढली आहे किंवा कॅल्शियमचे द्रावण एकाच जागी ओतले जात आहे, असे समजावे. द्रावण जोराच्या प्रवाहात, थोडे थोडे सोडावे. काचेलगत थराच्या आत काळा डाग दिसला तर तो तसाच राहू द्यावा. टाकीतच हात घालून तो उकरला तर सल्फाइड एकदम पाण्यात येतो. उथळ थर साफ करतानाही एका वेळी एक तृतीयांश भागच सायफनने काढावा. वाळू चाळणारा गोबी मासा किंवा तारामासा आणून हे काम त्याच्यावर सोपवू नये, कारण लहान टाकीतले सूक्ष्म जीव तो काही महिन्यांत संपवतो आणि मग स्वतः उपाशी मरतो. नासारियस आणि सेरिथ गोगलगायी पुरेशा आहेत.

थर वसला आहे की नाही हे पाहायचे तर रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने विजेरी घेऊन काचेलगत बसावे. वाळूत केसांएवढ्या बारीक बोगद्यांचे जाळे, त्यांतून पुढेमागे सरकणारे किडे आणि काचेवर पळणारे पांढरे ठिपके दिसू लागले, की वरच्या थरातली वाटीभर वाळू दुसऱ्या नव्या टाकीसाठी काढून द्यायला हरकत नाही. काढलेला खळगा महिन्याभरात पुन्हा वसतो.