काइट बगी : मोठा पतंग घेऊ नका, आणि ब्रेकच्या दोऱ्या आधी तपासा

येवल्यात संक्रांतीला आसारी (मांज्याची फिरकी) धरून लहानाचा मोठा झालो, त्यामुळे पतंग आपल्याला कळतो असं मी धरून चाललो होतो. डेन्मार्कच्या रोमो बेटावर, दक्षिण टोकाच्या त्या अफाट किनाऱ्यावर, काइट बगी, म्हणजे पतंगाच्या जोरावर धावणारी तीनचाकी गाडी, ओढणारा चार दोऱ्यांचा पतंग पहिल्यांदा हातात आला. वाऱ्याचा झोत आला तसे हात सवयीने ढील द्यायला गेले, पण या पतंगाला ढील नसतेच. दोऱ्या वीस-पंचवीस मीटरच्या, कायम तेवढ्याच. घाबरून दोन्ही हँडल छातीशी ओढली, तर पतंग आणखी जोरात खेचू लागला. हँडलच्या वरच्या टोकाला मुख्य दोऱ्या असतात, खालच्या टोकाला ब्रेकच्या. जोर कमी करायचा तर हात ओढायचे नाहीत, मनगट वळवून हँडलचं खालचं टोक आपल्याकडे घ्यायचं. ही हालचाल बगीत बसण्याआधी जमिनीवर उभं राहून अंगवळणी पडली पाहिजे.

कारण बगीला दुसरा ब्रेक नाही. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास रूढ केलेली ही तीनचाकी अगदी साधी आहे : मागे दोन चाकं, पुढचं चाक पायांनी वळवायचं, मधे बैठक. इंजिनही पतंग आणि ब्रेकही पतंगच. तरी नवा माणूस बगी निवडायला महिना लावतो आणि पतंग दुकानातच ठरवतो, तोही नेमका मोठा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा २८ झाला की ओढ जवळजवळ दुप्पट, ४० झाला की चौपट. म्हणून वारा मोजताना सरासरीवर जाऊ नका. वाऱ्याचं मीटर पाच मिनिटं हातात धरा आणि सगळ्यात मोठ्या झोताला झेपेल तो पतंग काढा. दुसरं असं, की बगी धावू लागली की तिच्या वेगाचा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो. उभ्या बगीत 'थोडा कमीच पडतोय' वाटणारा पतंग धावताना पुरेसा होतो. उभ्या बगीतच दमदार वाटणारा पतंग धावताना तुम्हाला बैठकीतून उपटून काढू शकतो.

मऊ वाळूत तर ही चूक हमखास होते. बगी हलत नाही म्हणून लोक मोठा पतंग लावतात. तिथे दोष चाकांचा असतो. अरुंद चाकं ओल्या, घट्ट वाळूसाठी ठीक, पण मऊ वाळूत ती रुततात. टायरमधली हवा थोडी काढा, तरी भागत नसेल तर रुंद टायर घ्या. पैसे तिथे घालावेत, मोठ्या पतंगात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार : 'पतंग वर जातो आणि मागे मागे येऊन पडतो.' बहुतेकजण वाऱ्याला दोष देतात. आधी ब्रेकच्या दोऱ्या बघा. पतंग डोक्यावर स्थिर ठेवा, हँडल सैल धरा आणि वर नीट पाहा. ब्रेकच्या दोऱ्यांना हलका झोळ हवा आणि पतंगाची मागची कड सरळ हवी. ती खाली दुमडलेली दिसली तर ब्रेक सतत लागलेला आहे. हँडलच्या ब्रेकदोरीवर गाठी असतात. ब्रेकची दोरी एक गाठ बाहेरच्या बाजूला सरकवा आणि पुन्हा उडवा. फार सैल केलीत तर पतंग वळायला आळशी होतो आणि ब्रेक ओढूनही खाली उतरत नाही, तेव्हा एकेक गाठच बदला.

मागच्या हंगामात नीट उडणारा पतंग यंदा असं करू लागला, तर तेही समजण्यासारखं आहे. जवळजवळ सगळा भार मुख्य दोऱ्यांवर येतो, त्या ताणून लांबतात आणि ब्रेकच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात. चारही दोऱ्यांची टोकं एका खुंटीला अडकवून सारख्या ताणाने ओढा, फरक लगेच हातात येतो. पतंग सारखा एकाच अंगाला झुकत असेल, तरी हीच तपासणी करा.

मनगटाचे सुरक्षा-पट्टे ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. हँडल सोडली की पतंग दुमडून खाली येतो. पट्टा आखूड असेल तर उडवतानाच ब्रेक ओढला जातो. हँडल हार्नेसच्या (अंगाला बांधायच्या पट्ट्याच्या) हुकात अडकवायची घाई नको, आणि अडकवाल तेव्हा झटपट सुटण्याची कळ प्रत्यक्ष ताण देऊन सोडून पाहा. तिच्यात वाळूचे चार कण गेले तरी ती अडू शकते. हेल्मेट हवंच.

धावत्या बगीतून पाय खाली टेकू नका. बगी त्याच पायावर चढते. वाऱ्याच्या दिशेने वळताना बगी पतंगाकडे धावते आणि दोऱ्या सैल पडतात. त्या चाकाखाली गेल्या की आसाला गुंडाळल्या जातात, आणि पुढच्या झोतात काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. वळण रुंद घ्या, दोऱ्या ताणलेल्याच ठेवा.

सुट्टीत कोकणात बगी न्यावी का, असं काहीजण विचारतात. ओहोटीची घट्ट वाळू मलाही मोह घालते. पण ताणलेली बारीक दोरी वेगाने कातडी कापते, आणि पतंगासमोरची निदान पन्नास मीटर जागा पूर्ण रिकामी लागते. जिथे माणसं फिरतात, होड्या ओढल्या जातात आणि पोरं खेळतात, तिथे मी बगी काढत नाही.